चित्र तर समोरच आहे

मोबाइल ॲप बनवणाऱ्याच्या नशिबी नाना तऱ्हेच्या चुका शोधणे येते. पण ‘चित्र सापडत नाही’ या तक्रारीइतकी मानहानी दुसरी कुठलीही तक्रार करत नाही. हिशेब चुकला, माहिती उशिरा पोहोचली किंवा ॲप मध्येच गोठले, तर निदान आपण एखाद्या गहन प्रश्नाशी झुंजत आहोत असे चारचौघांत सांगता तरी येते. चित्राच्या बाबतीत तीही सोय नाही. फोल्डर उघडावे तर चित्र तिथे असते, त्यावर दोनदा टिचकी मारावी तर ते सगळ्या रंगांसह उघडते, आणि तरीही यंत्र ठामपणे सांगते की असे काही अस्तित्वातच नाही. शेजारचा सहकारी मान वळवून पाहतो आणि म्हणतो, “अगं, हे काय, इथेच तर आहे!” ते इथेच आहे हे मला सकाळपासून दिसत असते, प्रश्न माझ्या डोळ्यांचा नसतो, हे त्याला समजावून सांगण्यात आणखी थोडा वेळ जातो.

या नकाराच्याही दोन तऱ्हा आहेत. अँड्रॉइडवर ॲप धाडकन बंद पडते आणि लॉगमध्ये, म्हणजे ॲपच्या नोंदवहीत, लाल अक्षरांत ‘रिसोर्स नॉट फाउंड’ असे लिहून पुढे ‘०एक्स७एफ’ने सुरू होणारा एक लांबलचक क्रमांक दिला जातो. ज्या चित्राला मी नाव दिले होते त्याचा उल्लेख अशा कैद्यासारख्या क्रमांकाने का व्हावा, हे मला अजून पटलेले नाही. आयफोनवर मात्र चित्र मागणारे फंक्शन निमूटपणे ‘निल’, म्हणजे ‘काही नाही’, परत करते आणि पडद्यावर चित्राच्या जागी स्वच्छ मोकळी जागा राहते. ना संदेश, ना तक्रार. कितीतरी वेळा ही मोकळी जागा परीक्षकांना डिझाइनचाच भाग वाटते आणि कोणी कोणी तर ‘मांडणी छान सुटसुटीत झाली आहे’ असा अभिप्रायही देते.

अडचण जाहीर झाली की सल्ले सुरू होतात. पहिला सल्ला कायम एकच असतो, “क्लीन करून रिबिल्ड केलंस का?” म्हणजे आधी तयार झालेले ॲप पुसून कोडमधून पुन्हा नव्याने बनवलेस का. त्यानंतर कॅशे, म्हणजे यंत्राने हाताशी ठेवलेल्या जुन्या प्रती, रिकामी करणे, फोनवरचे ॲप काढून पुन्हा टाकणे, कोड लिहिण्याचा एडिटर बंद करून उघडणे आणि शेवटी संगणकच बंद करून उघडणे, हे सारे विधी याच क्रमाने पार पाडावे लागतात. वाईट याचे वाटते की कधी कधी यातला एखादा विधी खरोखरच लागू पडतो, आणि मग त्यावरची श्रद्धा पुढची कित्येक वर्षे ढळत नाही.

खरे कारण बहुतेक वेळा नावात दडलेले असते. अँड्रॉइडच्या ‘ड्रॉएबल’ या चित्रांच्या फोल्डरात जायचे तर चित्राच्या नावात इंग्रजीची लहान अक्षरे, आकडे आणि अंडरस्कोअर यांखेरीज काहीही चालत नाही. मोकळी जागा नको, डॅश नको, कंस तर नकोच. नावाची सुरुवात आकड्याने करायची नाही, आणि ‘न्यू’, ‘डिफॉल्ट’, ‘स्विच’ यांसारखे जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेने स्वतःसाठी राखून ठेवलेले शब्दही वापरायचे नाहीत, कारण प्रत्येक नावाचे पुढे ‘आर’ नावाच्या क्लासमध्ये, म्हणजे कोडच्या एका भागात, व्हेरिएबल होते. आता आमच्या डिझायनरकडून येणाऱ्या फाइलचे नाव असते ‘२ - लोगो फायनल (नवीन) खरोखर फायनल’. या एका नावात बहुतेक सगळे नियम एकाच वेळी मोडलेले असतात. तरीही अशा फाइलबद्दल माझ्या मनात आदर आहे, कारण ती निदान बिल्ड होतानाच अडते. फसवतात त्या सज्जन नावाच्या फाइली.

एका फाइलचे नाव विंडोजवर अगदी नियमाप्रमाणे दिसत होते, शेवटी ‘.पीएनजी’ होते, आणि तरीही ती सापडत नव्हती. विंडोज ओळखीच्या फाइलींचे एक्स्टेन्शन, म्हणजे ‘.पीएनजी’सारखे फाइलचा प्रकार सांगणारे शेपूट, मुळातच लपवून ठेवते. त्यामुळे कोणीतरी भल्या मनाने हाताने जोडलेले ‘.पीएनजी’ तेवढे दिसत होते आणि त्याच्या मागचे खरे ‘.पीएनजी’ पडद्याआड उभे होते. दुसऱ्या एका प्रकल्पात चित्राची फाइल होती, नावही बरोबर होते, पण आत चित्रच नव्हते. तीन ओळींचा मजकूर होता. कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे साधन म्हणजे गिट; मोठ्या फाइली त्यात वेगळ्या ठेवण्याची जी ‘एलएफएस’ नावाची व्यवस्था आहे, ती ज्या संगणकावर बसवलेली नसते तिथे चित्राऐवजी त्या चित्राचा पत्ता सांगणारी अशी चिठ्ठी येऊन पडते. त्या चिठ्ठीत फाइलचा आकार बाइटमध्ये अचूक लिहिलेला असतो, म्हणजे आपल्याला काय मिळालेले नाही याची नीट मोजदाद करून दिलेली असते.

जुन्या फोनांचे दुखणे आणखी निराळे. चित्र चुकून ‘ड्रॉएबल-व्ही२४’ या फोल्डरात पडले, की २०१६ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ७.० पासून पुढच्या सगळ्या फोनांवर ते झळकते आणि त्याआधीच्या फोनांवर ॲप उघडताच कोसळते, कारण त्या फोल्डराकडे जुने फोन ढुंकूनही पाहत नाहीत. कार्यालयात सगळ्यांकडे नवे फोन असतात. जुना फोन नेमका असतो तो ग्राहकाकडे, आणि तोही सर्वांत मोठ्या ग्राहकाकडे.

एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन या दोन्हींसाठी ॲप बनवणाऱ्या फ्लटरमध्ये तर चित्र फोल्डरात ठेवून भागत नाही. ‘पबस्पेक’ नावाच्या फाइलीत त्याची नोंद करावी लागते, आणि ती नोंद डावीकडून किती जागा सोडून केली आहे यावर तिचा अर्थ ठरतो. ‘असेट्स’ हा शब्द ‘फ्लटर’च्या खाली आत सरकलेला नसेल, तर ती यादी कोणी वाचतच नाही आणि वाचली नाही असे सांगतही नाही. फोल्डरची नोंद केली तर त्यातली चित्रे घेतली जातात, पण पोटफोल्डरातली राहून जातात. त्यांची नोंद स्वतंत्र करावी लागते. हे सगळे माहीत असल्यामुळे परवा मी प्रत्येक चित्राची नोंद एकेक करून, जागा मोजून, नीट केली होती. माझ्या मॅकवर सारे काही उत्तम चालले. सहकाऱ्याच्या विंडोजवरही चालले. सगळ्यांचा कोड घेऊन ॲप तयार करणाऱ्या बिल्ड सर्व्हरने मात्र कळवले की ‘कार्ट’चे चित्र सापडत नाही.

मी फोल्डर पाहिले, कार्ट होते. यादी पाहिली; कार्ट होते. दोन्ही नावे एकाखाली एक ठेवून अक्षर अक्षर जुळवले. कार्ट आणि कार्ट. इंग्रजी वर्णमालेत मोठा ‘ए’ आणि लहान ‘ए’ यांची तोंडे वेगळी आहेत, ‘जी’ची आहेत, ‘आर’ची आहेत, पण ‘सी’ मात्र मोठा असो वा लहान, तोच अर्धवट वाटोळा आकार. डिझाइनच्या साधनातून निघालेल्या फाइलीचा ‘सी’ मोठा होता आणि यादीतला लहान. मॅक आणि विंडोज यांची फाइल व्यवस्था एरवी अशा किरकोळ फरकाकडे उदार मनाने दुर्लक्ष करते. बिल्ड सर्व्हर लिनक्सवर चालतो, आणि लिनक्सच्या लेखी मोठा ‘सी’ आणि लहान ‘सी’ या दोन सर्वस्वी भिन्न व्यक्ती आहेत.

मी फाइलचे नाव बदलले आणि बदल गिटमध्ये नोंदवायला गेले. गिटने सांगितले की नोंदवण्यासारखे काहीही नाही. मी पुन्हा पाहिले. फोल्डरात ‘सी’ आता व्यवस्थित लहान झाला होता. पण मॅकवर आणि विंडोजवर गिटही त्या उदार व्यवस्थेशी जुळवून घेते आणि लहान-मोठ्या अक्षरांचा भेद मोजत नाही. म्हणजे दुरुस्ती माझ्या संगणकावर झाली होती, जिथे मुळात काही बिघडलेच नव्हते, आणि सर्व्हरवर, जिथे बिघडले होते, तिथे ती पोहोचण्याचा मार्गच नव्हता. यावर अनुभवी लोकांनी काढलेला तोडगा असा की फाइलला आधी भलतेच नाव द्यायचे आणि मग त्या भलत्या नावाचे हवे ते नाव करायचे. तसे केल्यावर गिटने एकदाची नोंद घेतली आणि पावती दिली: एक फाइल बदलली, वाढलेल्या ओळी ०, कमी झालेल्या ओळी ०, जुन्या आणि नव्या फाइलीतील साम्य १०० टक्के.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बैठकीत प्रत्येकाने काल काय केले ते सांगायचे होते. कोणी पैसे भरण्याचे पान पूर्ण केले होते, कोणी शोध वेगवान केला होता. माझी पाळी आली तेव्हा व्यवस्थापकांच्या पडद्यावर तीच पावती उघडी होती.

“यात नेमकं काय बदललंय?” त्यांनी विचारले.

“सर, सीचा सी केला.”

“मग आधी काय होता?”

“सीच होता, सर.”