पाच सेकंदात कार्ड ओळखा म्हणे!

परवा रात्री साडेअकराला हार्थस्टोन हा पत्त्यांचा गेम खेळणाऱ्या भाच्याचा मेसेज. "मामा, चार एपिक मोडली, ४०० डस्ट आली, आता कुठलं लेजंडरी करू?" मी विचारलं, कुठली चार, आणि का मोडलीस? उत्तर म्हणून साहेबांनी एक फोटो पाठवला. काळ्या बॅकग्राउंडवर पिवळी अक्षरं, वर बऱ्याचदा फॉरवर्ड झाल्याचा तो दोन बाणांचा शिक्का, आणि मथळा: "हार्थस्टोनचं नवीन कार्ड पाच सेकंदात ओळखा, ५ गोल्डन रूल". हाच फोटो मला आधी दोन ग्रुपवर आला होता, तेव्हा हसून सोडून दिला. आता तो घरात शिरलाय आणि पोराची चार महिन्यांची साठवण खाऊन बसलाय, म्हणून हे लिहितोय.

त्यातले पाच रूल थोडक्यात असे. एक, कार्डाचा अटॅक (मारायची ताकद) आणि हेल्थ (जीव) यांची बेरीज करा, मानाची (कार्ड खेळायला लागणाऱ्या खर्चाची) दुप्पट अधिक एक एवढी भरली नाही तर कार्ड कचरा. दोन, साइटवर विनरेट (जिंकायची टक्केवारी) लावून बघा, सगळ्यात वरचं कार्ड पहिल्याच दिवशी क्राफ्ट करा, म्हणजे बनवा. तीन, मोठ्या प्लेयर्सनी रिव्ह्यूमध्ये एक स्टार दिलेली कार्डं लगेच डस्ट करा, म्हणजे मोडा, ती कधीच चालत नाहीत (हे "कधीच" ठळक अक्षरात). चार, डेकमध्ये जितकी लेजंडरी जास्त तितका डेक भारी. पाच, कंपनी नवीन कार्डं मुद्दाम तगडी ठेवते, म्हणून पॅक पहिल्याच दिवशी घ्या.

ज्यांना गेमच माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. हार्थस्टोन हा ब्लिझर्डचा २०१४ सालचा पत्त्यांचा गेम, मोबाइलवरही चालतो. ३० कार्डांचा डेक बनवायचा, एक कार्ड जास्तीत जास्त दोनदा, लेजंडरी असेल तर एकदाच (दुर्मिळपणाच्या चढत्या क्रमाने कॉमन, रेअर, एपिक, लेजंडरी). दर टर्नला माना एकेकाने वाढत दहापर्यंत जातो आणि तो खर्चून कार्ड खेळायचं. कार्डं पॅकमधून निघतात, नाहीतर नको ती कार्डं मोडून मिळालेल्या डस्टमधून हवी ती बनवायची. एकमेकांना कार्ड देता-घेता येत नाही, म्हणजे एकदा मोडलं की मित्राकडून उसनं आणायची सोय नाही.

आता पहिला रूल. यात अर्धं खरं आहे हे नाइलाजाने कबूल करतो. चार मानाचा चिलविंड यती ४/५ होता, म्हणजे अटॅक चार, हेल्थ पाच, बेरीज नऊ. सहा मानाचा बोल्डरफिस्ट ओगर ६/७, बेरीज तेरा. दोघांच्याही अंगावर एक अक्षर लिहिलेलं नव्हतं, नुसते आकडे, आणि सुरुवातीच्या काळात सगळे याच मापाने मोजायचे. अरीनामध्ये, जिथे समोर येईल त्यातून निवडून डेक करायचा असतो, तिथे हे माप आजही थोडंफार कामाला येतं. पण ते माप फक्त कोऱ्या कार्डाचं आहे! कार्डावर मजकूर छापलेला असतो तो सजावट म्हणून नसतो ना. डॉक्टर बूम सात मानाला ७/७, बेरीज चौदा, हवी पंधरा, नापास. मिस्टीरियस चॅलेंजर सहाला ६/६, नापास. प्रिन्स केलेसेथ दोनला २/२, नापास. पॅचेस द पायरेट एकला १/१, नापास. गेमच्या इतिहासात ज्यांनी लोकांना रडवलं त्यांची यादी करायला बसलात तर हीच नावं येतील, आणि या रूलने सगळी कचऱ्यात. पॅचेसचं तर असं होतं की तुम्ही पायरेट जातीचं कुठलंही कार्ड खेळलं की हा डेकमधून फुकटात उडी मारून यायचा आणि तेव्हा त्याला चार्ज होता म्हणजे आल्या आल्या मारायचा, आणि हाच पॅचेस तुमच्या हातात आला तर मात्र अगदी फालतू, म्हणजे एकच कार्ड डेकमध्ये असताना सोनं आणि हातात आल्यावर माती, हे कुठल्या बेरजेत बसवणार? आपल्याकडे मेंढीकोट खेळलेल्या कुणालाही विचारा, हुकमाची दुर्री परक्या रंगाच्या एक्क्याला खाते. दुर्रीवर आकडा दोनच असतो.

आता तिसऱ्या रूलकडे येतो, कारण खरं नुकसान इथे झालंय.

एपिक मोडलं की १०० डस्ट मिळते, तेच परत बनवायला ४०० लागते. भाच्याने चार मोडली, ४०० आली. उद्या यातली चारही लागली तर १६००, म्हणजे एका अख्ख्या लेजंडरीची किंमत. तोटा १२००. पॅकमध्ये पाच कार्डं असतात, हलक्यात हलक्या पॅकमध्ये चार कॉमन आणि एक रेअर, ते सगळं मोडलं तरी ४० डस्ट. १२०० भरून काढायला तसले ३० पॅक लागतात. पोराने रोजचे क्वेस्ट करून करून ३००० गोल्ड साठवलं होतं आणि त्यात बरोब्बर ३० पॅकच घेतले होते. म्हणजे एका फोटोपायी रात्री दहा मिनिटांत कशावर पाणी सोडलं ते बघा.

आणि ते "मोठ्या प्लेयर्सनी एक स्टार दिला"? रिव्ह्यू रिलीजच्या आधी होतात. कार्ड अजून कुणी खेळलेलंच नसतं. बिचारे सेटमधली शंभराच्या वर कार्डं एकेक करून बघतात आणि आत्ता चालू असलेल्या डेकमध्ये हे बसेल का एवढ्यावर अंदाज बांधतात. अंदाज बांधण्यात चूक काहीच नाही, मीही बांधतो आणि दर वेळी तोंडावर आपटतो. २०१४ च्या डिसेंबरमध्ये गॉब्लिन्स व्हर्सेस नोम्स हा कार्डांचा नवा सेट आला तेव्हा लोक डॉक्टर बूम सोडून ट्रॉगझॉरच्या मागे लागले होते. दोघेही सात मानाचे. समोरचा स्पेल (एकदा परिणाम करून संपणारं जादूचं कार्ड) टाकेल तेव्हा ट्रॉगझॉर एक ट्रॉग काढायचा, वाचायला भलतंच भारी. बूम येताना दोन छोटे बॉम्ब आणायचा, ते मेले की एक ते चार डॅमेज, वाचायला साधंच. झालं काय, तर ट्रॉगझॉर समोर आला की माणूस स्पेल न टाकता मिनियनने (पटावर उतरून लढणाऱ्या कार्डाने) त्याला मारून मोकळा, आणि बूम पुढे दीड वर्ष जवळपास ज्याच्या त्याच्या डेकमध्ये. मिस्टीरियस चॅलेंजरला २०१५ मध्ये असंच हसले होते. पॅलाडिन या क्लासची (खेळायला निवडायच्या पात्राची) सिक्रेट, म्हणजे लपवून ठेवायची आणि ठरावीक गोष्ट घडली की आपोआप उघडणारी कार्डं, एक मानाची आणि किरकोळ, कुणी डेकमध्ये घेत नव्हतं, मग ती डेकमधून ओढून आणणारं कार्ड कोण घेईल, असं लॉजिक. ते घेतलं, कारण पाच किरकोळ गोष्टी एकाच टर्नला फुकट मिळाल्या की त्या किरकोळ राहत नाहीत.

पण माझं आवडतं उदाहरण कॉरिडॉर क्रीपरचं, आणि भाच्याला मी हेच एक सांगितलं, बाकी काही सांगायची गरज पडली नाही. डिसेंबर २०१७, कोबोल्ड्स अँड कॅटाकूम्ब्स हा सेट. सात मानाचा ५/५, एपिक. हातात असताना एकेक मिनियन मरेल तसा एकेक मानाने स्वस्त. रिव्ह्यूंमध्ये बहुतेकांनी नाक मुरडलं, कारण रिव्ह्यू करणाऱ्याच्या डोळ्यापुढे सात हा आकडा होता. खेळताना तो सात कुणी मोजलाच नाही. दोन्हीकडची छोटी छोटी पिल्लं दुसऱ्या-तिसऱ्या टर्नपासून मरायला लागतात, तेव्हा क्रीपर पाचव्या टर्नला एकदोन मानात नाहीतर चक्क फुकट खाली यायचा. शेवटी फेब्रुवारी २०१८ मध्ये ब्लिझर्डला त्याचा अटॅक पाचावरून दोनावर आणायला लागला. आता हिशोब करा. ज्याने रिव्ह्यू वाचून पहिल्या आठवड्यात क्रीपर मोडला त्याला १०० मिळाले. ज्याने काहीच केलं नाही, नुसता ठेवला, तो दोन महिने त्याच्यावर जिंकला, आणि नर्फ (कंपनीने कार्ड कमकुवत करणं) झाल्यावर काही दिवस अशा कार्डाची पूर्ण डस्ट परत मिळते, त्यामुळे वर ४०० घेऊन मोकळा झाला. आळशी माणूस चौपट फायद्यात! फॉरवर्ड लिहिणाऱ्याला हा नियम माहीत नव्हता की माहीत असून वगळला, देव जाणे.

(आणि या रिव्ह्यू करणाऱ्यांनाही मी दोष देत नाही, ते स्वतः "मी चुकू शकतो" असं दर व्हिडिओत म्हणतात. ते वाक्य कापून खाली "कधीच चालत नाहीत" लिहिणारा तिसराच कुणीतरी आहे.)

दुसरा रूल जरा शहाणा वाटतो, त्यात आकडे आहेत ना. विनरेट. एचएसरिप्लेसारख्या साइटवर प्रत्येक कार्डापुढे आकडा दिसतो आणि आपल्याला वाटतं झालं, गणित आलं, आता वाद मिटला. पण हा आकडा कशाचा, ते वाचा. "प्लेड" विनरेट म्हणजे ज्या गेममध्ये ते कार्ड खेळलं गेलं तेवढ्याच गेमचा हिशोब. दहा मानाचं कार्ड तुम्ही कधी खेळता? दहाव्या टर्नपर्यंत जिवंत राहिलात तर. जे पाचव्या टर्नला ते हातात धरून मेले त्यांचा हिशोब यात नाहीच.

केलेसेथ घ्या, २०१७ चा. त्याची अट अशी की तुमच्या डेकमध्ये दोन मानाचं दुसरं एकही कार्ड नको, मग तो खेळला की डेकमधल्या सगळ्या मिनियन्सना +१/+१. दुसऱ्या टर्नला पडला की समोरच्याचा चेहरा उतरायचा, अशा गेमचा विनरेट प्रचंड दिसणारच. पण तो पडतो कधी? लेजंडरी, म्हणजे ३० मध्ये एकच. पहिला खेळत असाल तर तीन कार्डं मिळतात, ती तिन्ही परत टाकून नवी तीन घेतली, मग दोन ड्रॉ, असं सगळं त्याच्याचसाठी केलं तरी दुसऱ्या टर्नला तो हातात असायची शक्यता साधारण २६ टक्के. दुसरा खेळत असाल तर चार कार्डं, तेव्हा ३२ टक्के. म्हणजे चारपैकी एक, फार तर तीनपैकी एक गेम. उरलेल्या सगळ्या गेममध्ये तुम्ही दुसऱ्या टर्नला नीट दोन मानाचं कार्ड न खेळता बसलाय, आणि ती किंमत केलेसेथच्या विनरेटमध्ये कुठेच लिहिलेली नाही, ती तुमच्या डेकने भरलीय. तरीही तो चालला का? चालला, जोरात चालला, पण ज्या डेकला दोनची कार्डं नसली तरी फरक पडत नव्हता अशा डेकमध्ये. म्हणून मी भाच्याला म्हटलं, कार्ड कसं आहे हे विचारूच नकोस, हे घातलं तर ३० मधून बाहेर काय जाणार ते विचार.

शिवाय पहिल्या दिवशीचा विनरेट म्हणजे नवीन लग्नाचं कौतुक. सगळे अर्धेकच्चे डेक घेऊन प्रयोग करत असतात, तेव्हा सरळ तोंडावर मारत जाणारा कुठलाही अॅग्रो डेक जिंकतो. आणि १०० गेममध्ये ५८ जिंकले असं दिसलं तरी खरा आकडा ४८ पासून ६८ पर्यंत कुठेही असू शकतो, एवढी त्यात हलायला जागा असते. भाचा तर स्वतःच्या बारा गेमवरून बोलत होता.

चौथ्या रूलवर वेळ घालवत नाही. लेजंडरी म्हणजे दुर्मिळ, दुर्मिळ म्हणजे भारी नव्हे. एक मानाचा अंडरटेकर कॉमन होता आणि त्याने २०१४ च्या उत्तरार्धात अख्खं लॅडर (रँक चढायचे सामने) नासवलं, जानेवारी २०१५ मध्ये नर्फ झाला तेव्हा लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. पुढे चला.

पाचवा. नवीन कार्डं तगडी येतात यात तथ्य आहे, नाही म्हणणार नाही. एप्रिल २०२० मध्ये डीमन हंटर हा नवा क्लास आला आणि दोन दिवसांच्या आत त्याची कार्डं नर्फ करावी लागली. पण यातून "म्हणून पहिल्या दिवशी पैसे घाला" हे कसं निघतं? उलटच निघतं की! नर्फ झालेल्या कार्डाची डस्ट परत मिळते, त्याच्याभोवती बांधलेल्या बाकीच्या कार्डांची नाही, आणि पॅकला घातलेल्या रुपयांची तर अजिबातच नाही. दोन आठवडे थांबलं तर कुठली बस पकडायची राहून जातेय?

ताईचा फोन आला होता मध्ये, "अरे पत्त्यांच्या गेमवर एवढं काय रात्री बारापर्यंत बोलताय दोघं?" तिला सांगितलं की २०१८ च्या जकार्ता एशियन गेम्समध्ये याच हार्थस्टोनमध्ये भारताच्या तीर्थ मेहताने ब्राँझ आणलंय, तेव्हा हा गेम तिथे डेमो म्हणून होता. ती म्हणाली, "तुझ्या भाच्याने बारावीत मार्क आणले तरी पुष्कळ." यावर माझ्याकडे प्रतिवाद नाही.

आणि आत्ता हे टाइप करताना त्याचाच मेसेज आलाय: "मामा, तो फोटो मी पण कॉलेजच्या दोन ग्रुपवर टाकलाय, परवाच. आता डिलीट फॉर एव्हरीवन होत नाहीये. तू लिहितोयस ना, ती लिंक दे, खाली टाकतो."