खुलासा : बाल्समरूटची फुले आगीने उगवलेल्या बियांची नव्हेत

पश्चिम उत्तर अमेरिकेतील जळालेल्या उतारांवर वसंतात फुललेल्या पिवळ्या बाल्समरूटची छायाचित्रे ‘वणव्याच्या उष्णतेने बी जागे होते, आगीशिवाय हे फूल उगवतच नाही’ अशा मजकुरासह फिरत आहेत. हा मजकूर चुकीचा आहे.

सूर्यफुलाच्या कुळातील ही बहुवर्षायू वनस्पती आगीतून तगते ती मुळाच्या बळावर. जाड, लाकडासारखे सोटमूळ खोल जमिनीत गेलेले असते आणि त्याच्या माथ्यावरचे कोंब मातीच्या आड असतात. माती उष्णता फार खोल जाऊ देत नाही, शिवाय उन्हाळ्याच्या उत्तरार्धात वणवे पेटतात तेव्हा पाने आधीच वाळून झाड सुप्तावस्थेत गेलेले असते. म्हणून काळ्या राखेतून पुढच्या वसंतात वर येणारी ती बाणाच्या टोकासारखी, रुपेरी लव असलेली पाने नव्या रोपांची नसून जुन्याच झाडांची असतात. बियांना लागते ती आग नव्हे, तर कित्येक आठवड्यांची ओलसर थंडी, आणि बियापासून फुलापर्यंत पोहोचायला रोपाला अनेक वर्षे लागतात.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण ‘आग हवीच’ असे मानले की वारंवार लागणाऱ्या वणव्यांकडे काणाडोळा होतो. बाहेरून आलेले चीटग्रास हे वर्षायू गवत लवकर वाळते, सहज पेटते आणि दोन वणव्यांमधला काळ घटवते. जुनी मुळे त्यातूनही पुन्हा फुटू शकतील, परंतु कोवळ्या रोपांना मूळ खोल रुजवायला पुरेशी वर्षे मिळत नाहीत.