पूर्ण पाथ ठेवला की प्रश्न मिटतो का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: डेटाबेसमध्ये फाइलचा रिलेटिव्ह पाथ (एखाद्या फोल्डरपासून पुढचाच पत्ता) ठेवणं म्हणजे गोंधळाला आमंत्रण, कारण तो प्रोग्रॅम कुठून सुरू झाला त्यावर बदलतो. पूर्ण पाथ (ड्राइव्हपासूनचा सगळा पत्ता) ठेवावा, अन् फोल्डर हललाच तर एका अपडेट क्वेरीत, म्हणजे सगळ्या नोंदी एकदम बदलणाऱ्या आज्ञेत, काम होतं.

पहिला मुद्दा खरा आहे, पण तो वर्किंग डिरेक्टरीला, म्हणजे प्रोग्रॅम ज्या फोल्डरमधून सुरू झाला त्याला, टांगलेल्या पाथबद्दल. ठरल्या वेळी प्रोग्रॅम चालवणाऱ्या विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये ‘स्टार्ट इन’ रिकामं सोडलं तर प्रोग्रॅम विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमधून सुरू होतो, लिनक्सच्या तशाच क्रॉनमध्ये युजरच्या होम फोल्डरमधून. तिथून ‘बिले/२०२४/१७.पीडीएफ’ शोधलं तर काय सापडणार! म्हणून पाथ रिलेटिव्ह असावा तो सेटिंगमध्ये एकदाच लिहिलेल्या रूट फोल्डरला. फाइल उघडताना दोन्ही जोडायचे. वर्किंग डिरेक्टरीचा संबंधच येत नाही.

आता तुमचा पूर्ण पाथ घ्या. समजा, इतवारीतल्या एखाद्या दुकानाची स्कॅन केलेली बिलं बाहेरच्या डिस्कवर, ई ड्राइव्हवर आहेत. एखाद दिवशी पेन ड्राइव्ह आधी लावला, ई अक्षर त्याला गेलं, डिस्क एफ झाली. एकही फाइल हललेली नाही, तरी सगळ्या नोंदी चुकीच्या. मॅप केलेला (नेटवर्कवरच्या फोल्डरला अक्षर दिलेला) झेड ड्राइव्ह तर लॉगिनपुरताच असतो. सर्व्हिस म्हणून (कोणी लॉगिन न करता मागे) चालणाऱ्या प्रोग्रॅमला तो दिसतही नाही.

अन् ती एक क्वेरी? ‘डी:\बिले’ च्या जागी ‘ई:\खाते’ असं रिप्लेस केलं, की ‘डी:\बिले-जुनी’ चंही ‘ई:\खाते-जुनी’ होतं, जे डिस्कवर नाहीच. शेवटच्या स्लॅशसकट, अन् फक्त सुरुवातीलाच जुळवावं लागतं. एवढं करूनही कालच्या बॅकअपमध्ये जुनेच पाथ राहतात, म्हणजे रिस्टोअर केलं की क्वेरी पुन्हा चालवा.

मराठी नावांची भानगड वेगळीच. ‘वऱ्हाड’ मधला ऱ युनिकोडमध्ये दोन तऱ्हेने लिहिता येतो: एकच अक्षर म्हणून, यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) मध्ये ३ बाइट, किंवा र अन् खाली नुक्ता (टिंब), ६ बाइट. स्क्रीनवर दोन्ही सारखेच. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टम नावातलं असं अक्षर दोन तुकड्यांत तोडून ठेवते, लिनक्सची ईएक्सटी४ सहसा दिलेले बाइट जसेच्या तसे. मग फाइल समोर दिसते अन् प्रोग्रॅम ‘सापडली नाही’ म्हणतो. शिवाय ईएक्सटी४ मध्ये नावाला २५५ बाइटची मर्यादा, म्हणजे काना, मात्रा, हलन्त धरून जेमतेम ८५ चिन्हं. म्हणून आपल्या ताब्यातल्या फाइलींना डिस्कवर साधा आकडा द्यावा, ग्राहकाने दिलेलं नाव वेगळ्या कॉलममध्ये. पाथमध्ये उलटा स्लॅश नको. सरळ स्लॅश विंडोजलाही चालतो.

एका ठिकाणी मात्र तुमचंच बरोबर. युजरने स्वतःच्या फोल्डरमधून उघडलेली फाइल आपल्या रूटमध्ये नसते, आणि विंडोजवर सी पासून डी पर्यंत रिलेटिव्ह पाथ बनतच नाही. तिथे पूर्ण पाथ ठेवा, सोबत फाइलचा आकार आणि एसएचए-२५६ हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा), म्हणजे फाइल हलली तरी ओळखता येईल. विंडोजच्या शॉर्टकट फाइलमध्येही पूर्ण पाथसोबत रिलेटिव्ह पाथ अन् ड्राइव्हचा सिरीयल नंबर ठेवायची सोय आहे, ती उगाच नाही.

रिलेटिव्ह पाथचा खरा धोका तुम्ही लिहिलाच नाही, राजेहो! नोंदीत कोणी ‘../../’ (म्हणजे दोन फोल्डर वर) घुसवलं तर प्रोग्रॅम रूटबाहेरची फाइल उघडून देईल. जोडल्यावर पाथ पूर्ण सोडवून घ्या, सिमलिंकसकट (दुसऱ्या जागेकडे नेणाऱ्या दुव्यांसकट), आणि तो ‘रूट + स्लॅश’ ने सुरू होतो का ते तपासा. नुसतं रूटचं नाव जुळवलं तर ‘बिले-जुनी’ इथेही आत शिरेल.

तुमच्या प्रोग्रॅमवर तपासून पाहायचं असेल तर सगळा फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करा, मूळ फोल्डरचं नाव बदला, सेटिंगमधला रूट बदला आणि प्रत्येक नोंद उघडून बघा. लॉगमध्ये (प्रोग्रॅमने काय केलं त्याच्या नोंदीत) मात्र पूर्ण पाथच छापा. तिथे रिलेटिव्ह लिहिला तर कुठे शोधलं ते कळत नाही.