शब्द फक्त ७ टक्के? हे खरं नाहीये

"आपण बोलतो त्यातलं शब्दांतून फक्त ७ टक्के पोचतं, ३८ टक्के आवाजातून आणि ५५ टक्के देहबोलीतून, विज्ञानाने सिद्ध झालंय." हा मेसेज परत फिरतोय आणि मला खरंच वाईट वाटतं, कारण हे ऐकून लोक नीट शब्द शोधायचेच सोडून देतात.

आधी आकडे कुठले ते बघा. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन, १९६७, दोन छोटे प्रयोग. एकात सुटे शब्द वेगवेगळ्या सुरात ऐकवले, दुसऱ्यात 'मेबी' (म्हणजे 'कदाचित') हा एकच शब्द आणि सोबत चेहऱ्यांचे फोटो, आणि विचारलं काय तर बोलणाऱ्याला समोरचा माणूस आवडतो की नाही. बस एवढंच. अख्खं वाक्य नाही, गप्पा नाहीत, हातवारे नाहीत, म्हणजे ५५ टक्के 'देहबोली' म्हणून जे सांगतात ते फोटोतले चेहरे आहेत! हे आकडे सगळ्या बोलण्याला लावू नका असं खुद्द मेहराबियन यांनीच सांगितलंय.

जगाबद्दलच्या माहितीला तर हे लागूच होत नाही. बर्फ पाण्यावर का तरंगतो ते नुसत्या हावभावांनी सांगून बघा.

मग लोक म्हणतात, ठीक आहे, पण मनातलं तरी चेहऱ्यावरच दिसतं ना? दुखतंय हे दिसतं, कसं दुखतंय ते नाही. ठणकतंय, सळक मारतेय, टोचतंय की आग होतेय हे सांगावंच लागतं, आणि आग होतेय म्हटलं की डॉक्टरला नसेच्या दुखण्याची शंका येते. रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये वेदना मोजायला जी प्रश्नावली छापली तिच्यात चक्क ७८ शब्द आहेत, २० गटांत. आणि काही गोष्टी तर चेहऱ्यावर कधीच येत नाहीत, जसं की काही जणांना डोळे मिटल्यावर मनात चित्रच दिसत नाही. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनने १८८० च्या सुमारास लोकांना सकाळचं नाश्त्याचं टेबल आठवायला लावून काय दिसतं ते विचारलं तेव्हा कुठे हा फरक पुढे आला, आणि चित्र न दिसण्याला अफँटेझिया हे नाव मिळायला २०१५ उजाडलं. विचारलं नसतं तर कळलंच नसतं.

हां, शब्द एक आणि सूर दुसराच असेल, दाटलेल्या आवाजात कुणी "मी ठीक आहे" म्हणालं, तर आपण आवाजावर विश्वास ठेवतो हे मान्य, प्रयोगांतून निघतं ते साधारण एवढंच. पण काय झालंय ते त्यालाच विचारावं लागतं.