नकाशात घरं नाहीत, म्हणून माणसंही नव्हती?

अमेरिकेतल्या कॅटालूची खोऱ्याचे फोटो सध्या ग्रुपांवर फिरताहेत. धुकं, कुरणात चरणारे एल्क (मोठ्या जातीची हरणं) आणि खाली मजकूर: 'नॉर्थ कॅरोलिनातलं हे खोरं म्हणजे माणसाचा हात न लागलेलं रान. खोटं वाटत असेल तर सरकारी नकाशा बघा, एक घर सापडणार नाही. जुन्या नकाशांतही जागा कोरीच आहे!'

नकाशाचाच दाखला दिलाय, तर नकाशापासूनच सुरुवात करू.

घर सापडत नाही, कबूल. पण यूएसजीएस म्हणजे नकाशे काढणारी अमेरिकी सरकारी संस्था, तिच्या २००९ नंतरच्या नकाशांत सुटी घरं दाखवतच नाहीत. शेजारच्या मॅगी व्हॅलीतही ती दिसणार नाहीत, आणि तिथे तर रस्त्याला लागून मोटेलांची रांग आहे.

आता जुने नकाशे. १८८० च्या दशकात या डोंगरांची मोजणी सुरू झाली ती १:१,२५,००० प्रमाणावर. म्हणजे एका इंचात जवळपास दोन मैल, आणि समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) शंभर-शंभर फुटांच्या उंचीवर. ऐंशी फुटांची टेकडी दोन रेषांच्या मधल्या मध्ये गडप होते, तिथे ओढ्याकाठच्या चार घरांची काय कथा? पुढे टेनेसी व्हॅली अथॉरिटी या धरणं बांधणाऱ्या सरकारी संस्थेच्या काळात विमानातून घेतलेल्या फोटोंवरून १:२४,००० चे नकाशे निघू लागले. त्यांत काळ्या चौकोनावर क्रॉस म्हणजे चर्च, झेंडा म्हणजे शाळा. दफनभूमीचीही वेगळी खूण. कॅटालूचीत ही तिन्ही आजही आहेत. पामर चॅपल १८९८ चं. १९१० च्या सुमारास खोऱ्यात बाराशेच्या आसपास माणसं राहत होती, मक्याची शेतं होती, सफरचंदाच्या बागा होत्या. राष्ट्रीय उद्यानासाठी जमिनी घेतल्या गेल्या आणि वस्ती उठली. स्वखुशीने गेलेले त्यात थोडेच.

राहिलं 'हात न लागलेलं'. ज्या कुरणाचा फोटो फिरतोय ते या लोकांचंच शेत. उद्यानवाले गवत कापून ते मोकळं ठेवतात, नाहीतर कधीच जंगल चढलं असतं. एल्क तर २००१ मध्ये बाहेरून आणून सोडलेले! आणि गोऱ्यांच्या आधी इथे चेरोकी हे मूळ रहिवासी होते, ते या मजकुराच्या गावीही नाही.

खोऱ्यात काही फार जुनी, प्रचंड झाडं आहेत, हे मात्र खरं. ती वाचली कारण रॉबर्ट पामर नावाच्या तिथल्याच रहिवाशाने लाकूड कंपन्यांना आपल्या जमिनीवर कुऱ्हाड चालवू दिली नाही. त्याला सगळे 'बूगरमन' म्हणत. त्या झाडांमधून जाणारी पायवाट नकाशात आजही 'बूगरमन ट्रेल' याच नावाने आहे.