साठीनंतर काम करणाऱ्याला टॅक्स सवलत द्या, पण जर्मनीच्या उलट

इथे जर्मनीत 1 जानेवारी 2026 पासून 'आक्टिव्हरेन्टं' नावाची सवलत सुरू झालीय. रिटायरमेंटचं वय उलटल्यावरही नोकरी करत राहिलात तर पगारातल्या महिन्याला 2,000 युरोपर्यंत इन्कम टॅक्स नाही. हेल्थ इन्शुरन्सचे पैसे कापतातच, पण टॅक्स माफ. कारण सरळ आहे, इथे माणसं कमी पडतायत, 1964 च्या आसपास जन्मलेली मोठी पिढी आता एकदम घरी बसणार आणि त्यांच्या जागेवर यायला तेवढी तरुण मुलंच नाहीत.

घरच्या ग्रुपवर हे टाकलं तर अर्धे म्हणाले आपल्याकडे पण पाहिजे, आणि एक भाचा चिडून म्हणाला की म्हाताऱ्यांनी आता जागा सोडा, आम्ही बेकार आहोत. मला त्याचं पटतं. 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारने जिल्हा परिषदेच्या शाळांत रिटायर्ड शिक्षकांना 20,000 रुपये मानधनावर परत घ्यायचं ठरवलं तेव्हा डीएड (शिक्षकाचा डिप्लोमा) करून वर्षानुवर्षं भरतीची वाट बघणारी पोरं का भडकली हे समजायला फार अक्कल लागत नाही. नोकरीवर चिकटून राहणाऱ्याला आपल्याकडे टॅक्समध्ये बक्षीस देणं चुकीचंच होईल.

पण स्वतःच्या हिमतीवर काम करणाऱ्यांचं काय? जर्मनीने नेमकं त्यांनाच वगळलंय, स्वतःचा व्यवसाय असेल तर ही सवलत नाही, आणि त्यावरून इथे बरीच ओरड झालीय. आपल्याकडे उलटं करावं असं मला मनापासून वाटतं. माझे सासरे सांगलीला कारखान्यांना बॉयलरचा सल्ला देतात, ते कुणाची नोकरी खात नाहीत, उलट दोन पोरं त्यांच्या हाताखाली शिकतायत. त्यांच्या फीतून 10 टक्के टीडीएस, म्हणजे पैसे हातात येण्याआधीच टॅक्स, कापला जातो. एफडीच्या व्याजावर कापू नका म्हणून बँकेत जसा फॉर्म देता येतो तसा फीसाठी देता येत नाही, मग भले वर्षाचा टॅक्स शून्य निघो, बहुतेकदा रिटर्न भरून रिफंडची वाट बघायची. आणि साठीनंतर अ‍ॅडव्हान्स टॅक्समधून (वर्ष संपायच्या आधीच हप्त्यांनी भरायचा टॅक्स) सुटका असते ती फक्त धंदा-व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्यांना. म्हणजे नुसतं व्याज खात बसलात तर सोय आणि घाम गाळलात तर कटकट! इन्कम टॅक्सच्या जुन्या रेजीममध्येही (जुन्या पद्धतीत) खास ज्येष्ठांसाठीची 50,000 ची सूट व्याजावरच आहे, नव्यात तर वयाचा विचारच नाही, सगळ्यांना सारखेच 4 लाख टॅक्सविना.

महाराष्ट्रात एक गोष्ट मात्र छान आहे, 65 पूर्ण झाले की प्रोफेशनल टॅक्स माफ, आणि त्यात नोकरदार की स्वतःचं काम असा भेद नाही. रक्कम वर्षाला जास्तीत जास्त 2,500, पण विचार बरोबर आहे.

ज्यांचं उत्पन्न टॅक्सपर्यंत पोचतच नाही, म्हणजे वॉचमन, भाजीवाल्या मावशी, त्यांना यातलं काहीच मिळणार नाही हे मान्य. ईपीएस-95 ची, म्हणजे पीएफ असलेल्या खाजगी नोकरदारांच्या पेन्शन योजनेची, किमान पेन्शन महिन्याला 2014 मध्ये 1,000 रुपये ठरली, पेन्शनर साडेसात हजार मागत आंदोलनं करतायत, ते लोक सत्तरीतही काम करतात ते नाइलाजाने, आणि त्यांचा प्रश्न टॅक्सने नाही, पेन्शन वाढवूनच सुटेल. दोन्ही मागण्या एकत्र कालवू नका एवढंच. टॅक्सवाल्यांसाठी सुरुवात सोपी आहे, साठीच्या पुढच्या माणसाला बँकेतला तो फॉर्म फीसाठीही चालू द्या.