कंत्राटी माणसांची वर्षं कायद्यात मोजली गेली पाहिजेत

मी हेड क्लार्क म्हणून सरकारी नोकरीतून निवृत्त झाले म्हणून हे आज लिहिता येतंय. नोकरीत असताना लिहिलं असतं तर 1964 चे आचरण नियम आड आले असते, त्यातला नियम 9 सरळ सांगतो की सरकारच्या धोरणावर जाहीर टीका करायची नाही. आणि कंत्राटी माणसाला गप्प बसवायला नियम लागतच नाही, पुढचं एक्स्टेन्शन मिळेल की नाही ही काळजी पुरते. त्यामुळं ज्यांना आतलं सगळं माहीत आहे ते बोलत नाहीत आणि जे बोलतात त्यांना कंत्राटी म्हणजे कोण हेच नीट माहीत नसतं.

आपल्या गोव्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या सरकारी ऑफिसात जा. एकाच खोलीत तीन प्रकारची माणसं बसलेली दिसतील, दिसायला सारखीच. 5 ऑगस्ट 2005 च्या आधी लागलेले, माझ्यासारखे, त्यांना जुनी पेन्शन. त्या तारखेपासून पुढं लागलेले एनपीएसवाले, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेतले, त्यांच्या पगारातून 10 टक्के कापले जातात, सरकार 14 टक्के घालतं आणि म्हातारपणी किती हातात येणार ते बाजारावर. आणि तिसरे कंत्राटी, कुणी थेट डिपार्टमेंटचे, कुणी एजन्सीमार्फत, कुणी सरकारच्याच मनुष्यबळ महामंडळामार्फत. पहिल्या दोघांच्या भांडणाबद्दल पेपरात येतं, युनियन आहे, निवेदनं जातात. तिसऱ्याचं सर्व्हिस बुकच, म्हणजे नोकरीच्या नोंदींचं पुस्तकच, नसतं.

काम मात्र तोच करतो. लोक जमिनीचा एक-चौदाचा उतारा मागायला येतात, म्युटेशनची, म्हणजे जमिनीवरचं नाव बदलायची, फाईल कुठं अडली विचारायला येतात, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, दहावी-बारावीचा निकाल लागला की रांग दाराबाहेर जाते. खिडकीवर कोण असतं, कॉम्प्युटरवर कोण असतं, इनवर्डला कोण असतं ते एकदा बघा. 2013 साली गोवा विधानसभेने ठरावीक मुदतीत सेवा देण्याचा कायदा केला, नागरिकाला हक्क दिला की अमुक दाखला अमुक दिवसांत मिळालाच पाहिजे. फार चांगला कायदा, मी त्याच्या बाजूनेच आहे. पण ती मुदत पाळण्यासाठी जी मुलं-मुली संध्याकाळी उशिरापर्यंत एन्ट्री करत बसतात त्यांच्या स्वतःच्या नोकरीची मुदत सहा महिने नाहीतर वर्ष, आणि ती ऑर्डर वेळेवर काढा म्हणून सांगणारा कायदा कुठंच नाही.

आमच्याकडं एक मुलगी होती, ऑफिसचं नाव सांगत नाही. डेटा एन्ट्रीला लागली तेव्हा लग्न व्हायचं होतं, मग लग्न झालं, बाळ व्हायची वेळ आली. शेजारच्या टेबलावरच्या कायम क्लार्कला 180 दिवसांची बाळंतपणाची रजा, भरपगारी, शिवाय मुलं मोठी होईपर्यंत बालसंगोपनाची रजा, सगळ्या नोकरीत मिळून 730 दिवस. सगळं 1972 च्या रजा नियमांत लिहिलेलं, अर्ज केला की झालं. या मुलीचं कंत्राट मात्र बाळंतपणाच्या मध्येच संपत होतं. तिला तोंडी सांगितलं गेलं की आता ब्रेक, नंतर बघू. ते नंतर यायला कितीतरी महिने गेले आणि परत घेतलं तेव्हा नवीन कंत्राट, म्हणजे मागची सगळी वर्षं पुसली. कायदा तिच्या बाजूने नव्हता असं नाही हो. तेव्हा मातृत्व लाभाचा 1961 चा कायदा होता (नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली), 2017 पासून त्यात 26 आठवडे होते, आणि 2023 मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलंय की कंत्राटाची मुदत संपली म्हणून बाळंतपणाचे लाभ मध्येच तोडता येत नाहीत. पण हे घेऊन ती जाणार कुठं? ज्या साहेबाच्या सहीने एक्स्टेन्शन मिळतं त्याच्याच विरोधात वकील लावायचा, कडेवर तान्हं बाळ घेऊन? तिने तसं केलं नाही, कुणीच करत नाही. मी तिच्यासाठी नोट टाकली होती, ती वर गेली आणि वरच राहिली. याचा राग मला अजून आहे.

आता वयाचं बघा. आपल्या सरकारी पदांसाठी वयाची वरची मर्यादा साधारण 45. पंचविशीत कंत्राटावर आलेला माणूस एक्स्टेन्शनवर एक्स्टेन्शन घेत पंचेचाळिशीला पोचतो आणि त्या दिवशी त्याच्यासाठी सरकारी नोकरीचं दार कायमचं बंद होतं, आत बसून काम करत असूनसुद्धा. जाहिरात येते तेव्हा त्याची बारा वर्षं, पंधरा वर्षं कुठल्या रकान्यात भरायची? अनुभव म्हणून असलाच तर 'इष्ट' या सदरात, आणि पेपर सगळ्यांना सारखा.

कर्मचारी निवड आयोगाचा कायदा 2019 मध्ये झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. क वर्गाची भरती डिपार्टमेंटच्या हातातून काढून एका आयोगाकडं द्यायची, कॉम्प्युटरवर परीक्षा, मुलाखतीतली मनमानी संपली. 2024 मध्ये नोकरी लावतो म्हणून लाखो रुपये उकळल्याची प्रकरणं एकामागून एक बाहेर पडली, अटका झाल्या, तेव्हा ज्यांनी दागिने मोडून पैसे दिले त्यांना शिव्या घालणारे खूप होते, पण एका कायम ऑर्डरसाठी माणूस एवढा का पेटतो हे कुणी विचारलं नाही. कारण समोर दोनच गोष्टी दिसतात, एकतर साठाव्या वर्षापर्यंत सगळं सुरक्षित, नाहीतर काहीच नाही, मधलं काही नाहीच. आयोगामुळं भरतीचं दार स्वच्छ झालं असेल, पण ज्यांना आधीच मागच्या दाराने आणून बसवलं, आणि सरकारनेच बसवलं, त्यांचं काय करायचं ते त्या कायद्यात नाही.

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं, उमादेवी. 2006 चा सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाचा निकाल, कंत्राटी माणसाला कायम होण्याचा हक्क नाही. प्रत्येक फाईलवर हेच लिहून यायचं. त्याच निकालात कोर्टाने सांगितलं होतं की मंजूर पदांवर दहा वर्षं किंवा जास्त काम केलेल्यांचा, ज्यांची नेमणूक बेकायदा नव्हती फक्त रीतसर नव्हती त्यांचा, एकदाच म्हणून विचार करा, ते मात्र फाईलवर कधी आलं नाही. डिसेंबर 2024 मध्ये जग्गो नावाच्या बाईच्या खटल्यात, साधी साफसफाईची कामं वर्षानुवर्षं केलेल्या लोकांच्या खटल्यात, सुप्रीम कोर्टाने स्पष्ट म्हटलं की उमादेवीचा निकाल हा अशा लोकांना हाकलण्यासाठी वापरायचं हत्यार नाही. समान कामाला समान वेतन तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लागू, हे तर 2016 मध्येच सांगून झालंय. पण मध्ये एजन्सी घातली की सगळं अडतं, कारण कागदावर मालक एजन्सी, आणि सरकार म्हणतं आमचा याच्याशी संबंध नाही. काम सरकारचं, खुर्ची सरकारची, माणूस मात्र तिसऱ्याचा. काही एजन्सी पीएफसुद्धा वेळेवर भरत नाहीत, चवथीच्या तोंडावर पगार अडकतो आणि गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान आणायला उसने पैसे घ्यावे लागतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आणि संपाचा विषय निघाला की अत्यावश्यक सेवा कायदा येतो, त्यात कंत्राटी-कायम असा भेद कुणी करत नाही. काम थांबवायचं नाही म्हणून सांगताना तो अत्यावश्यक आणि रजा मागताना तो परका, हे मला आजपर्यंत पटलेलं नाही.

दुसऱ्या राज्यांनी काय केलं बघा. हरियाणाने 2024 मध्ये चक्क कायदा केला, 15 ऑगस्ट 2024 ला ज्यांची पाच वर्षं पूर्ण त्यांची नोकरी निवृत्तीच्या वयापर्यंत सुरक्षित. अटी आहेत, 50 हजारांच्या वर पगार असलेले त्यात नाहीत, कायम पदही मिळत नाही, पण उद्या येऊ नकोस असं कुणी उठून म्हणू शकत नाही. ओडिशाने 2022 मध्ये कंत्राटी भरतीची पद्धतच बंद केली. बाजूच्या महाराष्ट्रात 2023 मध्ये एजन्सींमार्फत भरतीचा जीआर निघाला आणि लोक एवढे चिडले की महिना-दीड महिन्यात मागं घ्यावा लागला. म्हणजे होतं, मनावर घेतलं तर होतं. आपलं राज्य तर एवढंसं, कंत्राटी माणसांची पूर्ण यादी काढायला किती वेळ लागणार?

आता माझी भाची, एमकॉम झालेली, दोन वर्षं आयोगाच्या परीक्षांचा अभ्यास करतेय, ती मला म्हणते मावशी, यांना सगळ्यांना आत घेतलं तर आमच्यासाठी उरणार काय, आणि यातले निम्मे तर कुठल्या ना कुठल्या आमदाराच्या चिठ्ठीने लागलेले. तिचं म्हणणं खोटं नाही. चिठ्ठीने लागलेले आहेत, मला माहीत आहेत. म्हणून मी सरसकट कायम करा म्हणतच नाही. जाहिरात होती का, पात्रता होती का, पद मंजूर होतं का, हे तपासा, जो बसत नाही त्याला तसं लेखी सांगा. जो बसतो त्याला नोकरीची हमी द्या, त्या पदाचा किमान पगार द्या, बाईला बाळंतपणाची रजा कंत्राटाच्या तारखेशी न जोडता द्या. ज्यांना आयोगाची परीक्षा द्यायची त्यांना जितकी वर्षं काम केलं तितकी वयात सवलत आणि अनुभवाला ठरावीक गुण. आणि भाचीसाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे यापुढं मंजूर पदावर एकही कंत्राटी माणूस नेमायचा नाही, जागा रिकामी झाली की थेट आयोगाकडं. रिकाम्या जागा कंत्राटाने झाकून ठेवल्यामुळंच तर जाहिराती येत नाहीत, भाचीचं आणि त्या डेटा एन्ट्रीवाल्या मुलीचं भांडण मुळात एकमेकींशी नाहीच.

आणि हे सगळं कायद्यात हवं, स्कीममध्ये नको. घटनेचं 309 कलम विधानसभेला हा अधिकार देतं. स्कीम निवडणुकीच्या आधी येते, तिच्यात कुणाचं नाव घालायचं कुणाचं गाळायचं ते केबिनमध्ये ठरतं, आणि सरकार बदललं की धूळ खात पडते. कायदा पर्वरीला सभागृहात चर्चेला येतो, दुरुस्त्या सुचवता येतात, उद्या कोर्टात बोट ठेवून दाखवता येतो.

तुमच्या आमदाराला गाठा, कुठल्याही पक्षाचा असो. येत्या अधिवेशनात एक तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं तो, टाकायला सांगा: प्रत्येक खात्यात मंजूर पदांवर किती माणसं कंत्राटी आहेत, किती वर्षांपासून, कुणामार्फत, आणि त्यातली किती पंचेचाळिशीच्या पुढं गेली. कंत्राटी असाल तर तुमच्या सगळ्या ऑर्डरच्या, पगाराच्या स्लिपच्या, पीएफच्या झेरॉक्स काढून घरी ठेवा, ब्रेक दिला असेल तर त्याची तारीख लिहून ठेवा. अर्ज लिहायला मदत लागली तर मला मेसेज करा, ड्राफ्टिंग मी आयुष्यभर केलंय, आताही करून देईन.